मी मतदानाची रांग सुधारतो

आधी चहा हातात घ्या. आणि वैशाली स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आत मला हे सांगून टाकू द्या. कारण तिने सांगितलं की त्यात मी आहे त्याहून मोठा गाढव निघतो. तसा मी आहेच म्हणा, पण निदान माप तरी आपल्या हाताने घ्यावं की नाही?

तर मंडळी, मी प्रमोद, मूळचा सोलापूरचा, गेली बावीस वर्षं ओहायोतल्या डब्लिनचा, एका रविवारी दुपारी जेवून-खाऊन अमेरिकेची निवडणूक सुधारायला गेलो.

कोणी बोलावलं होतं? कोणीही नाही!

माझी नोकरीच तशी आहे हो. एका गोदामवाल्या कंपनीत मी ‘प्रोसेस इम्प्रूव्हमेंट’ बघतो. म्हणजे लोक काम करत असतात आणि मी बाजूला उभा राहून ते कसं करायला हवं ते सांगतो. याचा मला पगार मिळतो, त्यामुळे माझी अशी समजूत झाली आहे की हे सगळीकडेच हवं असतं. एकदा मी वैशालीच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांचा क्रम सुधारला होता. त्या संध्याकाळी आमटीत हळदीऐवजी सुंठ पडली. तेव्हापासून मला स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जाता येतं.

असो. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी नागरिक झालो. वैशाली माझ्या आधी झाली होती, कारण तिने फॉर्म वेळेवर भरला. आमची मुलगी ईशा तर इथलीच, एकवीस वर्षांची, कोलंबस शहरात नोकरी करते, पण काउंटी, म्हणजे जिल्हा, एकच, म्हणून मतदानाचं केंद्रही एकच. माझा हट्ट असा की माझं पहिलं मत तिघांनी एकत्र जाऊन द्यायचं. 

आता इकडे निवडणुकीच्या आधी जवळजवळ महिनाभर केंद्रावर जाऊन मत देता येतं. त्याला म्हणतात ‘इन-पर्सन अ‍ॅब्सेंटी व्होटिंग’. म्हणजे स्वतः हजर राहून गैरहजराचं मतदान करायचं! याचा अर्थ काय ते मी कोणाला विचारलं नाही. नागरिकत्वाच्या परीक्षेत नव्हतं ते.

महिनाभर होता आमच्याकडे. पण पहिल्या आठवड्यात ईशाला वेळ नाही, दुसऱ्यात वैशालीची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जास्तीची ड्यूटी, तिसऱ्यात मला सर्दी. करता करता उरला शेवटचा रविवार. संध्याकाळी पाचला केंद्र बंद. मंगळवारी खरं मतदान, पण मी सोमवारी दुपारीच आठवडाभरासाठी टेनेसीला निघणार होतो. म्हणजे पाचच्या आत मत पडलं नाही तर माझं पहिलं मत गेलंच की. बावीस वर्षं वाट पाहिलेलं.

आम्ही सव्वादोनला पोचलो. रांग इमारतीला वळसा घालून मागच्या कचऱ्याच्या पेट्यांपर्यंत गेलेली. नोव्हेंबरचा वारा असा की कान आहेत की गळून पडले ते हात लावून बघावं लागत होतं.

“हो गया,” मी म्हटलं. “दोन तास कुठे गेले नाहीत.”

“मग काय झालं? उभं राहू नं,” वैशाली म्हणाली. ती नागपूरची. रांग, ऊन, थंडी, मी, यातलं काहीही ती शांतपणे सहन करते.

आमच्या पुढे एक आजीबाई होत्या. हातात काठी, डोक्यावर लोकरीची जांभळी टोपी. नाव रूथ. दोन मिनिटांत ओळख झाली. ब्याऐंशी वर्षांच्या. एकविसाव्या वर्षापासून एकही निवडणूक चुकवलेली नाही. उद्या सकाळी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, म्हणून आज आल्या होत्या.

“डॉक्टरला मी सांगितलं,” त्या म्हणाल्या, “बुधवारी कर. तो म्हणाला, बुधवारी मी गोल्फला जातो. मग मी म्हटलं, ठीक आहे, मी रविवारी मत देते.”

मला त्या एकदम आवडून गेल्या. आणि त्यांचा पाय थरथरताना बघून माझ्यातला तो प्रोसेस इम्प्रूव्हमेंटवाला जागा झाला. तुम्हाला सांगतो, तो झोपलेला असतो तेव्हाच मी बरा माणूस असतो.

मी विचार केला, ही एवढी माणसं थंडीत नुसती उभी आहेत. कशासाठी? तर फक्त आपला नंबर सांभाळायला. आणि समोर त्यांच्याच गाड्या उभ्या आहेत, हीटरवाल्या, गाद्यांच्या सीटवाल्या. हा शुद्ध अपव्यय आहे!

सोलापूरला आमचे वडील नाटकाचं बुकिंग असलं की पहाटे वही घेऊन खिडकीवर जायचे. पहिला येईल त्याने वहीत नावं लिहायची, नंबर वाटायचे, आणि मग सगळ्यांनी चहाला जायचं. रांगेत माणसांऐवजी चपला, पिशव्या, छत्री, एखादी वीट. खिडकी उघडली की वडील वहीतून नावं पुकारायचे आणि माणसं बरोबर आपापल्या विटेमागे येऊन उभी राहायची. कधी भांडण नाही, काही नाही.

आता अमेरिकेत मतदान केंद्राबाहेर पिशवी ठेवून निघून गेलं तर बॉम्बशोधक पथक येईल, एवढी अक्कल मला आहे. म्हणून मी पिशव्या वगळल्या आणि फक्त नंबर ठेवले. बघा, किती विचार केला होता!

“आलोच,” म्हणून मी गाडीकडे गेलो. ऑफिसचं पिवळं पॅड घेतलं, मार्कर घेतला, खोक्यांना लावायची टेप घेतली. तेवढ्यात मागे येणाऱ्या एका गाडीने मला उडवायचंच बाकी ठेवलं. म्हणून डिकीतून गोदामात घालायचं चमकतं पिवळं जाकीट काढून अंगात चढवलं. केवळ जीव वाचावा म्हणून हो! खिशाला कंपनीचं ओळखपत्र आधीच लटकत होतं.

परत आलो तर ईशाने मला बघितलं आणि डोळे मिटले.

“बाबा. नो.”

“अगं, लोकांची सोय…”

“बाबा, यू आर नॉट अ पोल वर्कर.”

“मी कुठे म्हटलं तसं?”

“यू आर वेअरिंग अ व्हेस्ट!”

मी दुर्लक्ष केलं. दारापासून सुरुवात केली. प्रत्येकाला सांगायचो, “सर, थंडी आहे, हा नंबर घ्या, गाडीत बसा, तुमची पाळी आली की मी बोलावतो.” आणि काय सांगू, लोक ‘थँक यू, थँक यू’ करत घ्यायचे! प्रत्येक चिठ्ठीवर नंबर आणि खाली माझी पूर्ण सही, बनावट चिठ्ठ्या निघू नयेत म्हणून. सोलापूरचा अनुभव वाया कसा जाऊ देणार? दाराजवळच्या बहुतेकांनी नको म्हटलं, पण मागच्या आणि आमच्यानंतर आलेल्या मिळून त्रेचाळीस जणांनी घेतला. रूथबाईंना बारा नंबर मिळाला.

“नक्की बोलावशील?” त्यांनी विचारलं. “नाहीतर मी आपली इथेच उभी राहते.”

“मी स्वतः येईन तुम्हाला न्यायला,” मी छातीवर हात ठेवून म्हटलं.

त्यांना हात धरून गाडीपर्यंत पोचवून आलो. एक लांबलचक जुनी बदामी गाडी. परत येताना असा काही समाधानी होतो म्हणता!

वैशालीला पण चिठ्ठी द्यायला गेलो.

“मला नाही पाहिजे तुझा नंबर. मी रांगेतच बरी.”

“अगं, पण सिस्टिम…”

“काहून उगाच लोकांच्या मध्ये पडतो रे? इथं उभा राहा नं चुपचाप. आपण तिघं सोबत मत द्यायला आलो नं?”

“देऊच की सोबत. मी काय पळून चाललोय?” असं म्हणून मी निघालोच. मग पॅडच्या मोठ्या कागदावर इंग्रजीत झकास सूचना लिहिली, ‘नंबर घ्या, गाडीत बसा, पुकारल्यावर या’, आणि दाराच्या काचेवर चारी बाजूंनी टेप मारून चिकटवली.

सुरुवातीचा पाऊण तास सोन्याचा होता. रांग निम्म्यावर आली. मी पार्किंग लॉटमध्ये जाऊन खणखणीत आवाजात पुकारत होतो, “वन टू टेन!” गाड्यांची दारं उघडत होती, उबदार झालेली माणसं येत होती, मला हात करत होती. लोक मला काय काय विचारायला लागले! बाथरूम कुठे आहे, बायकोचं लायसन्स विसरलं तर चालेल का, हे न्यायाधीशाच्या निवडणुकीतलं कोणाला द्यावं. शेवटचं सोडून मी सगळ्याची उत्तरं दिली. ज्यांची माहीत नव्हती त्यांचीही दिली.

“इलेव्हन टू ट्वेंटी!” मी ओरडलो. सहा-सात जण आले. बाकीचे येतील म्हटलं हळूहळू.

आता इथे मंडळी, एक गोष्ट लक्षात घ्या. सोलापूरच्या रांगेत विटा असतात. येणारा नवा माणूस वीट बघतो आणि तिच्या मागे उभा राहतो. माझ्या रांगेत वीट नव्हती. रांग नुसती छोटी दिसत होती. आणि रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांना छोटी रांग दिसली की ते काय करतात?

गाडी वळवतात!

सव्वाचारपर्यंत बघता बघता पन्नास-साठ नवी माणसं येऊन सरळ रांगेत उभी राहिली. खुशीत होती. एक जण फोनवर बायकोला सांगत होता, “लवकर ये, इथे कोणीच नाहीये!”

मी धावत गेलो. “सर, नंबर घ्यावा लागेल.”

“कसला नंबर?”

“ही नंबरची सिस्टिम आहे. गाड्यांमध्ये लोक बसलेत तुमच्या आधीचे.”

त्याने पार्किंग लॉटकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आणि तू कोण?”

किती साधा प्रश्न! मी खिशावरचं गोदामाचं ओळखपत्र हळूच उलटं केलं.

तेवढ्यात एकवीस ते तीसवाले पुकारण्याची वाट न बघता आले, कारण त्यांना रांग पुन्हा वाढलेली दिसत होती. ते पुढे घुसायला लागले. रांगेतले ओरडायला लागले. “मी दोनपासून इथे आहे!” “मग होतास कुठे?” “गाडीत!” “मग गाडीतच मत दे!” एका गृहस्थाने माझी चिठ्ठी दुसऱ्याच्या नाकासमोर नाचवली, “ही बघ, सही आहे यावर! ऑफिशियल सही!” दुसरा म्हणाला, “हे काय लिहिलंय तरी कळतंय का?” मी मध्ये उभा, दोन्ही हात पसरून, पिवळ्या जाकिटात. दोन्ही बाजूंना पटलं होतं की सगळी चूक सरकारची आहे, आणि सरकार म्हणून समोर मीच होतो.

फोन वाजला. वैशाली. ती दारापाशी पोचली होती.

“अरे, त्या आजी कुठाहेत? त्यांचा नंबर तर आमच्या पुढे होता.”

“बोलावलंय गं त्यांना. येतीलच.”

“तू गेला होता का आणायला?”

“अगं इथे काय चाललंय तुला दिसत नाही का? तुम्ही व्हा पुढे!”

आणि फोन ठेवला. हो, ठेवला मी. ही गोष्ट सांगताना आजही मला इथेच लाज वाटते. बाकी सगळ्यावर मी हसतो, इथे नाही.

पावणेपाचला दार उघडलं आणि आतून एक बाई बाहेर आल्या. बुटक्या, चष्मा गळ्यात साखळीला लावलेला, हातात खांबाएवढ्या काठीवर एक पाटी. ग्लोरिया. केंद्राच्या खऱ्या सुपरवायझर. त्यांनी एक नजर रांगेवर टाकली, एक माझ्या जाकिटावर.

“तुम्ही आमच्यापैकी आहात का?”

“नाही मॅडम. मी आपला… मतदार.”

“मग मतदारासारखे उभे राहा.” त्या रांगेकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, “ठीक पाच वाजता ही पाटी शेवटच्या माणसाच्या मागे लागेल. पाटीच्या पुढचे सगळे मत देतील, कितीही वेळ लागो. मागचे कोणी नाही.”

मी पार्किंग लॉटकडे बोट दाखवलं.

“मॅडम, आणि जे गाडीत बसलेत ते?”

“गाडीत कोण बसलंय?”

“नंबर घेतलेले लोक.”

“कसले नंबर?” मग त्यांनी हळूच डोळे बारीक केले. “सर, रांगेत म्हणजे रांगेत. दोन पाय, जमिनीवर.”

मंडळी, मी पळालो! पन्नाशी उलटल्यावर मी दोनदाच पळालोय, एकदा कुत्रं मागे लागलं तेव्हा आणि एकदा हे. काचांवर थापा मारत सुटलो. “आउट! आउट! लाइन! प्लीज!” पिवळ्या जाकिटातला माणूस गाड्या बडवतोय म्हटल्यावर लोक घाबरून बाहेर येत होते. एका गाडीत नवरा-बायको सँडविच खात होते, ते सँडविचसकट धावले. एका गाडीतला माणूस हेडफोन लावून गाणं म्हणत होता, त्याला दाराबाहेर ओढावं लागलं. अठरा जण राहिले होते. मी मोजत होतो. पंधरा… सोळा… सतरा.

आणि सतरावर मी थांबलो. अठरावा कोण?

नंबर बारा.

चार वाजून चौपन्न मिनिटं. उद्या ऑपरेशन. एकविसाव्या वर्षापासून एकही निवडणूक न चुकवलेली ती बाई पाय थरथरत का होईना, आपल्या हिमतीवर रांगेत उभी होती. तिला हाताला धरून रांगेबाहेर कोणी काढलं? मी! आतापर्यंत तिचं मत देऊन झालं असतं, घरी जाऊन सूप पीत बसली असती. ‘देवा,’ मी म्हटलं, ‘माझं मत गेलं तरी चालेल, पण या बाईचं जाऊ देऊ नकोस.’ अगदी मनापासून म्हटलं हो.

तीन ओळी शोधल्या तेव्हा ती बदामी गाडी सापडली. रूथबाई हीटरच्या उबेत गाढ झोपल्या होत्या. समोर डॅशबोर्डवर माझी चिठ्ठी नीट उभी करून ठेवलेली, नंबर बाहेरून दिसावा अशी.

मी काच वाजवली. त्या दचकून जाग्या झाल्या, मला ओळखलं आणि हसल्या.

“माझा नंबर आला का?”

“आला,” मी म्हटलं. “कधीचाच आला. माझी चूक झाली. आता फक्त चार मिनिटं आहेत, मी उचलून घेऊ का तुम्हाला?”

“मुला,” त्या काठी बाहेर टेकत म्हणाल्या, “मी ब्याऐंशी वर्षांची बाई आहे, बटाट्याचं पोतं नाही. हात दे.”

आम्ही निघालो. एक पाऊल, काठी, एक पाऊल, काठी. आयुष्यात मला कोणाला ‘जरा लवकर’ म्हणायची एवढी इच्छा झाली नव्हती आणि म्हणायची एवढी लाज वाटली नव्हती. रांगेतले लोक, ते मघाशी एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे, सगळे आमच्याकडे वळून बघत होते. कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळेच वाजवायला लागले. “कम ऑन, ग्रॅनी!” नंबरवाले, बिननंबरवाले, सगळे एक झाले. माझ्या सिस्टिमने दुपारभरात केलेलं हे एकमेव चांगलं काम.

शेवटच्या माणसामागे रूथबाईंनी काठी टेकली. ग्लोरियाबाई घड्याळ बघत उभ्या होत्या. पाटी त्यांनी रूथबाईंच्या मागे आणली, म्हणजे बरोबर माझ्या आणि रूथबाईंच्या मध्ये.

“आणि तुम्ही?” त्यांनी मला विचारलं. “तुम्ही रांगेत होता?”

खोटं बोलायला जीभ वळेना. “तसा नव्हतो,” मी म्हटलं.

“नव्हता कसा?” रूथबाई कडाडल्या. “हा माणूस दुपारपासून रांगेच्या प्रत्येक भागात होता!”

सगळे हसले. ग्लोरियाबाई मात्र हसल्या नाहीत. घड्याळ बघून म्हणाल्या, “चार एकोणसाठ. उभे राहा यांच्या मागे.” मग रूथबाईंकडे वळून म्हणाल्या, “पण मॅडम, तुम्हाला रांगेत उभं राहायची गरजच नव्हती. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी आमची माणसं मतपत्रिका घेऊन गाडीपाशी येतात. नुसता एक फोन करायचा. नंबर दारावर मोठ्या अक्षरात लावलाय.”

“दारावर?” रूथबाई म्हणाल्या. “मला तर दारावर काही दिसलं नाही.”

आम्ही सगळ्यांनी दाराकडे बघितलं. दारावर माझा कागद होता. चारी बाजूंनी टेप मारलेला. ग्लोरियाबाईंनी जाऊन तो नखाने सोलून काढला, आणि त्याच्या खालून, अगदी हळूहळू, व्हीलचेअरचं चित्र असलेली निळी सूचना बाहेर आली.

मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं. पण जमीन काँक्रीटची होती.

“आता आम्ही मतपत्रिका इथेच आणू?” ग्लोरियाबाईंनी रूथबाईंना विचारलं.

“मुळीच नाही. एवढी चाललेय, आता आत जाऊनच देईन,” त्या म्हणाल्या. मग त्यांना एक खुर्ची आली. दर दोन मिनिटांनी ती खुर्ची दोन पावलं पुढे सरकवायचं काम माझ्याकडे आलं.

आणि पाटी? पाटी ग्लोरियाबाईंनी माझ्याच हातात दिली. “तुम्हाला काम करायची एवढी हौस आहे म्हणून,” त्या म्हणाल्या. “ही धरा. कोणाशी बोलू नका. काहीही सुधारू नका.”

‘रांग इथे संपते.’ ती पाटी धरून मी वाऱ्यात तासभर उभा होतो. थोड्या वेळाने वैशाली आणि ईशा मत देऊन बाहेर आल्या, कोटांवर ‘मी मत दिलं’चे गोल स्टिकर. मला बघून ईशा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. वैशालीने फोटो काढला. मग जवळ येऊन आपला मफलर माझ्या गळ्यात गुंडाळला आणि एवढंच म्हणाली, “सोबत देणार होतो नं आपण.”

महिनाभर मीच सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं, एकत्र जाऊ, एकत्र जाऊ म्हणून. आणि ऐन वेळी त्या दोघीच आत गेल्या, आणि मी बाहेर सरकार चालवत होतो. फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

सहा वाजता आत पोचलो. फॉर्म भरला, सही केली. टेबलावरच्या पोऱ्यासारख्या दिसणाऱ्या तरुण कारकुनाने सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघितली. शेजारी ग्लोरियाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मुठीत माझ्या आठ-दहा चिठ्ठ्या होत्या. त्यातली एक त्यांनी माझ्या फॉर्मशेजारी ठेवली, चष्मा डोळ्यांवर चढवला, वाकून बघितलं.

“जुळते,” त्या म्हणाल्या.

मग मी मत दिलं. माझं पहिलं. रिकाम्या हॉलमध्ये, सगळे कर्मचारी कोट घालून माझ्या संपण्याची वाट बघत असताना, न्यायाधीशांची ती लांबलचक यादी वाचत. बाहेर आलो तेव्हा रूथबाई दारात थांबल्या होत्या, माझा दंड धरून गाडीपर्यंत जायला. ऑपरेशन चांगलं झालं हो, काळजी नको. ख्रिसमसला त्यांचं कार्ड आलं. त्यावर नाव लिहायच्या जागी नुसतं ‘नंबर बारा’ लिहिलं होतं.

पुढच्या मे महिन्यात एक छोटी निवडणूक होती. या वेळी आम्ही तिघं पहिल्याच आठवड्यात गेलो. मी साधा स्वेटर घातला होता, खिशात पेनसुद्धा नव्हतं. रांगेत पुढे नऊ माणसं. मी वैशालीच्या मागे हाताची घडी घालून उभा राहिलो, असा शहाण्यासारखा की बघत राहावं.

दारापाशी पोचलो. तिथे एक नवी सूचना होती, छान छापलेली, प्लॅस्टिकमध्ये घातलेली, भिंतीला स्क्रूने ठोकलेली. ‘फक्त रांगेतली जागा ग्राह्य धरली जाईल. पार्किंग लॉटमध्ये कोणी नंबर वाटत असल्यास घेऊ नये. या दारावर काहीही चिकटवू नये. मदत करण्याची इच्छा असल्यास कृपया रांगेत शांत उभे राहावे.’

माझ्या मागचा माणूस ती मोठ्याने वाचून हसायला लागला. “आता हे पण लिहून लावावं लागतं? असं करतं तरी कोण?”

मी खांदे उडवले. “असतो एखादा,” मी म्हटलं.

वैशाली मागे वळली. त्या माणसाकडे बघून गोड हसली, माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, “तुम्हाला यांच्यासोबत फोटो काढायचाय का?”